टेंभी नाका म्हणजे फक्त देवी आणि दहीहंडी नाही, अर्ध्या दिवसात इथं पायी काय काय बघून-खाऊन होतं?

टेंभी नाका हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांनी बातम्यांमध्ये ऐकलंय. आनंद दिघेंचा आनंदाश्रम, नवरात्रातली देवी, लाखालाखाच्या बक्षिसांची दहीहंडी. २०२२ मध्ये ‘धर्मवीर’ सिनेमा आला आणि ठाण्याबाहेरचे लोकही ‘तो आश्रम कुठाय?’ विचारत यायला लागले. येतात, बाहेर फोटो काढतात आणि परत स्टेशन गाठतात.

खरं तर त्या फोटोच्या जागेपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत एक सिनेगॉग आहे, अग्यारी आहे, जैन मंदिर आहे, पोर्तुगीज काळातलं चर्च आहे आणि ठाण्याचं ग्रामदैवत आहे. घोडबंदरच्या टॉवरमध्ये दहा वर्षं राहणाऱ्या कित्येकांनाही हे माहीत नसतं. म्हणून हा मार्ग.

सुरुवात स्टेशनपासूनच करा. ठाणे पश्चिमेला उतरलात म्हणजे तुम्ही इतिहासातच उतरलात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी रेल्वे ३४ किलोमीटर धावून इथंच थांबली होती. १४ डबे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं.

इथून रिक्षा करू नका. जुन्या ठाण्यात एकेरी रस्ते इतके आहेत की चालणारा माणूस आधी पोचतो.

पोटपूजेचा पहिला थांबा मामलेदार मिसळ. नाव ऐकून वाटेल की मालकाचं आडनाव मामलेदार असेल. तसं नाही. तहसीलदार कार्यालयाला पूर्वी मामलेदार कचेरी म्हणायचे, त्या कचेरीच्या आवारातलं हे कँटीन. कामासाठी आलेले पक्षकार आणि कारकून हे इथलं मूळ गिऱ्हाईक. कचेरीत तारीख पडली तरी मिसळ मिळायचीच. मुर्डेश्वर कुटुंबानं ती नावारूपाला आणली आणि आता तिच्या शाखाही निघाल्यात, पण पहिल्यांदा खाणार असाल तर कचेरीजवळच खा. ऑर्डर देताना कमी तिखट, मध्यम की तिखट असं विचारतात. इथलं ‘मध्यम’सुद्धा बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी आणतं, तेव्हा मोठेपणा करू नका.

वडापाववर मात्र ठाण्यात एकमत होणार नाही. स्टेशनसमोरच्या कुंजविहारचा जम्बो वडा हा घाईत असणाऱ्यांचा आधार. एक खाल्ला की जेवणाची वेळ टळते. नौपाड्यातल्या गजाननचा वडा आकारानं साधा, पण त्याच्यासोबतची बेसनाची पिवळी चटणी म्हणजे लोक वड्यासाठी जातात की चटणीसाठी, हा प्रश्न पडावा. आमचं मत विचाराल तर गजानन, पण तो टेंभी नाक्याच्या वाटेवर नाही, वाकडी वाट करावी लागते.

पुढं जांभळी नाका. भाजी, फुलं, पूजेचं सामान, सणाच्या आधी तर पाय ठेवायला जागा नाही. इथंच कौपिनेश्वर मंदिर. ठाणे ही शिलाहारांची राजधानी होती, तेव्हा तिला श्रीस्थानक म्हणत, आणि या मंदिराची परंपरा त्या काळापर्यंत नेली जाते. आज दिसतं ते बांधकाम मात्र पेशवाईतलं. १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी जीर्णोद्धार केला. आतलं शिवलिंग इतकं मोठं आहे की पहिल्यांदा बघणारा थबकतोच. गुढीपाडव्याची स्वागतयात्राही इथूनच निघते.

मंदिरासमोर मासुंदा तलाव, म्हणजेच तलावपाळी. संध्याकाळी भेळ, पाणीपुरी, भाजलेलं कणीस, आइस्क्रीम आणि काठावर बसायला जागा शोधणारी अर्धी ठाणे नगरी. काठालाच १९७८ मध्ये सुरू झालेलं गडकरी रंगायतन. तिकीट मिळत असेल तर संध्याकाळ नाटकाला द्या. तलावाजवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. ते शाळेच्या आवारात असल्यानं वेळ बघून जावं.

आता टेंभी नाका. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला ‘शार हाशामाइम’ हे सिनेगॉग आहे. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचं द्वार’, बांधलं १८७९ मध्ये. ते बेने इस्रायली समाजाचं. या लोकांचे पूर्वज कोकणात नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी नाव पाडलं ‘शनिवार तेली’. आडनावं गावावरून, शेवटी ‘कर’. घरची भाषा मराठी. शुभकार्याला हे लोक मलिदा करतात, म्हणजे भिजवलेले गोड पोहे, खोबरं आणि वर फळं. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि कोकणातल्या गावांमधली सिनेगॉग ओस पडली. ठाण्यातलं मात्र अजून नांदतंय. आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि शनिवार टाळावा.

जवळच अठराव्या शतकातली पटेल अग्यारी आहे. तिथं पारशी सोडून इतरांना प्रवेश नाही, दारावरूनच बघायचं. जैन मंदिरात मात्र सगळ्यांना जाता येतं. कोकण शत्रुंजय म्हणून ते ओळखलं जातं.

देवी बघायची असेल तर नवरात्रातच यावं लागेल. १९७८ मध्ये आनंद दिघेंनी हा उत्सव सुरू केला, आणि देवीची मिरवणूक कळव्यातून येते. त्या नऊ दिवसांत इथले रस्ते वाहतुकीला बंद असतात किंवा वळवलेले असतात. त्यामुळे गाडी आणण्याचा विचारही नको.  फोटोसाठी रस्ता अडवलात तर मागं अँब्युलन्स असू शकते.

पाय अजून दुखत नसतील तर ठाणे कारागृहाच्या बाजूला जा. हा मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. तो पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. पळून जायचा बेत बाहेरच्या मोतद्दारानं गाण्यातून त्यांच्यापर्यंत पोचवला, असा किस्सा सांगतात. १९ एप्रिल १९१० ला जॅक्सन वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथंच फाशी झाली. आजही तुरुंग असल्यानं भिंत बाहेरूनच बघायची आणि कॅमेरा खिशात ठेवायचा.

परतीच्या वाटेवर मराठी ग्रंथसंग्रहालय लागतं, स्थापना १८९३ ची. आणि भूक परत लागली असेल, तिखट नको असेल, तर घंटाळीला ‘मेतकूट’ आहे. घरगुती मराठी जेवण, पण सुट्टीच्या दिवशी नंबर लावून उभं राहायची तयारी ठेवा.