जत्रेचा हंगाम: नांदेड-लातूरकडच्या पैलवानी पेशाचा इतिहास

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत कुस्तीचा हंगाम मार्गशीर्षात उभा राहतो आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला की संपतो. तो ठरवणारी कुठली संघटना पूर्वी नव्हती. पंचांग आणि पीक या दोघांनी मिळून तो ठरवला. खरिपाची ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते, कापूस बाजारात चाललेला असतो, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळू लागतात, आणि त्याच सुमारास मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तिथून पुढे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा असते. तोवर शाळू काढणीला येतो. मग होळी, पाडवा, चैत्रातल्या ग्रामदैवतांच्या जत्रा, हनुमान जयंती, अक्षय्य तृतीया. चांद्र वर्षाप्रमाणे सरकणारे दर्ग्यांचे उरूस अधूनमधून या माळेत येऊन बसतात. पैलवानाचे वर्ष या क्रमाने चालते. नागपंचमीच्या कुस्त्या या हिशेबात धरत नाहीत, कारण त्या गावच्या पोरांच्या हौसेच्या असतात. त्यांवर कुणाचे पोट चालत नाही.

पोट चालणे हीच इथली महत्त्वाची गोष्ट आहे. कुस्तीकडे व्यायाम, परंपरा किंवा मर्दानी खेळ म्हणून पाहण्याची सवय झाल्यामुळे ती कित्येक पिढ्या एक पेशा होती, हे विसरले जाते. जत्रेतल्या फडाची उतरंड सगळी इनामावर बांधलेली असते. सकाळी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, खोबऱ्याच्या वाटीवर, नारळावर लागतात. दुपार चढते तशी रक्कम चढते. फेटा, चांदीचे कडे, अलीकडे गदा, आणि त्यासोबत रोख. दिवस मावळायच्या बेताला लागते ती शेवटची कुस्ती. सगळ्यांत मोठे इनाम तिचे, आणि गर्दी थांबते तीही तिच्यासाठीच. गावोगावची शेवटची कुस्ती ज्यांच्या वाट्याला येई, ते त्या हंगामाचे खरे व्यावसायिक. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला, बैलगाडीने किंवा पायी, सोबत वस्ताद आणि तालमीतले दोन-तीन पठ्ठे, असा त्यांचा प्रवास पाच-सहा महिने चाले. पावसाळ्यात तालमीत मेहनत करायची. जोर, बैठका, सपाट्या, लढती. त्या काळातला खुराक मागच्या हंगामाच्या कमाईवर निघायचा, आणि दूध, तूप, बदामाचा खर्च साध्या शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नसे.

इनामाचा पैसा लोकवर्गणीतून येई. जत्रेच्या आधी पंच घरोघर फिरत. कुणी रोख देई, कुणी पायलीभर धान्य, आणि पाटील-देशमुख, सावकार, आडते यांच्या नावावर एकेक मोठी कुस्ती लागे. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे इथला रुपया हाली सिक्क्याचा. सोलापूर-बार्शीकडे इंग्रजी मुलखात मिळणारा रुपया कलदार. विसाव्या शतकात हाली सात म्हणजे कलदार सहा असा साधारण भाव राहिला. सीमेच्या दोन्ही बाजूंनी लढणाऱ्या पैलवानाला इनाम कोणत्या नाण्यात बोलले आहे, हे आधी विचारून घ्यावे लागे.

या व्यवस्थेचे वेगळेपण समजायला त्याच काळातल्या दुसऱ्या एका पेशेवर खेळाकडे पाहता येते. अमेरिकेत १८७६ साली बेसबॉलची नॅशनल लीग स्थापन झाली. तिथे शहरागणिक कंपनीसारखे क्लब होते, त्यांचे मालक होते, सामन्यांचे वेळापत्रक आधीच ठरलेले असे, आणि खेळाडूला हंगामाचा पगार मिळे. मात्र १८७९ पासून मालकांनी आपसांत करार करून प्रत्येक क्लबातले काही खेळाडू राखीव ठेवायला सुरुवात केली. राखीव खेळाडूला मालकाच्या मर्जीवाचून दुसऱ्या क्लबात जाता येईना. पुढे हे बंधन जवळजवळ सगळ्यांनाच लागू झाले, आणि १८८९ मध्ये पगारावर श्रेणीनुसार मर्यादा आली. तेव्हा जॉन माँटगोमेरी वॉर्ड याच्या पुढाकाराने खेळाडूंनी स्वतःची प्लेअर्स लीग काढली. १८९० च्या हंगामात त्यामुळे तीन लीग एकाच वेळी चालल्या. प्रेक्षक विभागले गेले, सगळ्यांनाच तोटा झाला, आणि खेळाडूंची लीग एका हंगामातच बंद पडली.

मराठवाड्यातल्या पैलवानाला असा मालक नव्हता. तो कुणाशी बांधलेला नसे. कोणत्या जत्रेला जायचे, कुणाशी हात मिळवायचा, जोड मनाजोगती नसेल तर नको म्हणायचे, हे तो आणि त्याचा वस्ताद ठरवत. त्याच्यावर हुकूम चाले तो फक्त वस्तादाचा, आणि तो कागदावरचा नव्हता. या मोकळेपणाची किंमत मात्र फार मोठी होती. पगार नसल्याने सगळी भिस्त गावांच्या वर्गणीवर, आणि वर्गणीची भिस्त पावसावर. नॅशनल लीगचा पहिला हंगाम ज्या १८७६ साली खेळला गेला, त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला आणि १८७८ पर्यंत चाललेला भयानक दुष्काळ सुरू झाला. पुन्हा १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००. माणसे आणि जनावरे तगवायची मारामार असताना जत्रेची वर्गणी कोण देणार? अशा वर्षी हंगामच उठे. खुराक तुटला की पैलवानाचे शरीर उतरते, आणि उतरलेले शरीर पुन्हा उभे करायला एक चांगले साल पुरत नाही. दुष्काळात किती पैलवान कायमचे शेतमजुरीला गेले, याची कुठल्याही दप्तरात नोंद व्हायची नव्हती. त्यांचा पेशाच दप्तराबाहेरचा होता.

फडाची मांडणी साधी, पण रीत काटेकोर. तालमीच्या हौद्यात चाळलेली तांबडी माती असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ ठेवतात. जत्रेच्या मैदानात तेवढी तयारी शक्य नसते. गावालगतचे शेत नांगरून, ढेकळे फोडून, पाणी शिंपडून फड केला जातो. भोवती माणसे बसतात, झाडांवर चढतात. हलगी सुरू होते. पैलवान लांग कसून फडात उतरतो, माती कपाळाला लावतो आणि हात वर करून एक फेरी मारतो. ती फेरी म्हणजे जोड मागणे. पंच दोघांना शेजारी उभे करून उंची, छाती, मांड्या, वय पाहतात. वजनकाटा नसतो. त्यांच्या नजरेचा निवाडा दोन्ही वस्तादांना मान्य झाला, की इनाम मोठ्याने पुकारले जाते आणि सलामी होते. जोड लावणे हे पंचाचे खरे कसब. चुकीची जोड लागली तर पब्लिक ओरडून उठवते, आणि कधी कधी त्यावरून दोन गावांची भांडणेही जुंपतात.

कुस्ती निकाली. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत, घड्याळही नाही. पट काढणे, ढाक, घिस्सा, कलाजंग, झोळी, मोळी, एकलंगी, धोबीपछाड अशा डावांतला प्रत्येक डाव आणि त्याची तोड तालमीत शेकडो वेळा घोटलेली असते. बराच वेळ निकाल लागला नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. इथेच या पेशाचा एक जुना दोष होता. दोघांनी आधीच ठरवून बरोबरी केली, तर दोघांचेही शरीर शाबूत राहते आणि पैसाही मिळतो. गावाला हे कळत नसे असे नाही. म्हणूनच नूरा कुस्ती खेळणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत खराब होई, आणि पुढच्या वर्षी त्याला निरोप येत नसे. अमेरिकेतल्या लीगने १८७७ मध्ये लुइव्हिल क्लबाच्या चार खेळाडूंना पैसे खाऊन सामने सोडल्याबद्दल कायमचे बाहेर काढले. इथे तसा ठराव करणारे कुणी नव्हते, पण गावाच्या आठवणीचा धाक तेवढाच होता.

माळेगावची जत्रा या हंगामात वेगळी ठरते, ती तिच्या बाजारामुळे. देवस्वारीची पालखी, वाघ्या-मुरळी, भंडारा यांच्यासोबत घोडे, गाढवे, उंट आणि गुराढोरांची मोठी खरेदी-विक्री तिथे होते. कंधार भागाचे लाल कंधारी बैल आणि लातूरकडचे देवणी या दोन्ही नामांकित जाती याच टापूतल्या. घोड्यांचे व्यापारी दुरून येतात. नांदेडच्या शीख समाजाचे घोड्यांवरचे प्रेम तर प्रसिद्धच आहे. जिथे व्यापाऱ्याच्या कनवटीला रोकड आहे आणि चार प्रांतांची माणसे पाच दिवस मुक्कामाला आहेत, तिथे कुस्तीला इनाम आणि पैलवानाला नाव दोन्ही मिळते. खेड्यातल्या जत्रेत जिंकलेला पैलवान तालुक्याला माहीत होतो, माळेगावात जिंकलेला बाजारकरूंच्या तोंडून दूरवर पोचतो. हल्ली या दंगलीची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. पशुप्रदर्शन आणि लावणी महोत्सवाबरोबर कुस्त्यांचा दिवस ठरलेला असतो.

पश्चिमेला कोल्हापुरात चित्र पुष्कळ निराळे होते. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर शाहू महाराजांनी पैलवानांना दरबारचा आश्रय दिला, मोतीबागेसारख्या तालमी उभ्या केल्या, उत्तरेतले नामांकित मल्ल आणले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान खुले केले. तिथे पैलवानाला बारमाही खुराक मिळू शकत होता. नांदेड-लातूरच्या पैलवानाला असे छत्र आपल्या भागात नव्हते. हैदराबाद दूर होते, आणि दरबारी आश्रय तिथल्या मोजक्यांना मिळे. रेल्वे आली तेव्हा वाट थोडी सोपी झाली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे नांदेडवरून मनमाडला जोडली गेली, आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. त्यानंतर लातूरचा होतकरू पोरगा बार्शी, कुर्डुवाडी करत पश्चिमेकडच्या तालमींकडे जाऊ लागला. चांगला पैलवान घडायचा असेल तर कोल्हापूर गाठायचे, ही या भागाची पुढच्या शंभर वर्षांची सवय तेव्हाची आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतकोरात तालमीकडे निजाम सरकारची नजर वळली. सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी परिपत्रकाने बंधने आली होती. आखाड्यांनाही सरकारी परवानगीची अट लागली. तरुण एकत्र जमण्याची, शरीर कमावण्याची आणि वस्तादाच्या शब्दावर उठण्याची जागा म्हणजे तालीम, त्यामुळे सरकारला तिचा संशय येणे साहजिक होते. उदगीर, लातूर, गुंजोटी या भागात आर्य समाजाचे काम जोरात होते, आणि व्यायामशाळा हा त्या कामाचा कणा होता. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात धर्मस्वातंत्र्याबरोबर आखाड्यांवरची बंधने उठवण्याचाही प्रश्न होता. उदगीरचे वकील भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्या वर्षांत जत्रेची कुस्ती बंद पडली नाही, पण तालमीत जाणाऱ्या पोराकडे पोलीस पाटील वेगळ्या नजरेने पाहू लागला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर ही बंधने गेली, आणि हाली सिक्काही पुढच्या दशकभरात चलनातून बाद झाला. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरीची पहिली लढत औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. कुस्तीला आता राज्यभराची एक शिडी मिळाली. १९६९ चे अधिवेशन लातूरला भरले, आणि गदा पटकावली ती याच मातीतल्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. गावच्या फडातून ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले होते. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि १९७७ मध्ये बेळगावात दिल्लीच्या सतपाल यांना हरवले. ती कुस्ती आजही वस्ताद लोक डावांसह सांगतात. बिराजदारांचे मोठेपण यापुढचे आहे. लढणे थांबवल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मराठवाड्यातल्या पोरांना आणून घडवले. लातूर जिल्ह्यातले काका पवार आणि बीडचे राहुल आवारे हे त्यांचेच शिष्य. काका पवारांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. गरीब घरचे पोर पैलवानकीत टिकायचे तर त्याला हंगामाबाहेरच्या महिन्यांत कुणीतरी सांभाळले पाहिजे, ही या भागाची जुनी उणीव एका माणसाने आपल्या परीने भरून काढली. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००१ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा नांदेडला झाली. तोवर खेळ दोन वाटांनी जाऊ लागला होता. ऑलिंपिक नियमांची गादीवरची कुस्ती गुणांवर आणि ठरावीक मिनिटांत चालते. मातीची कुस्ती जत्रेत राहिली. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि ती लढत गादीवर होते. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात लातूरचा शैलेश शेळके माती विभाग जिंकून अंतिम फेरीत पोचला आणि नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरकडून थोडक्यात हरला. दोघेही काका पवारांच्या कात्रजच्या तालमीतले. स्पर्धेत नाव झालेले असे पैलवान आजही मार्गशीर्षापासून जत्रांची निमंत्रणे घेतात, कारण गदेने मान मिळतो आणि वर्षाचा खुराक गावांच्या इनामातून निघतो. इनामाचे आकडे आता लाखांत गेले आहेत. पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरणारे पंच तेच आहेत, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी पुकारली जाणारी रक्कम अजूनही कमीच असते.