एक तांब्या पाणी

आमच्या घरी कुणीही आलं की आधी पाणी, मग "बसा", मग बाकीचं सगळं. पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर वीजबिल द्यायला आलेला माणूस असो. ही पद्धत आजीने घालून दिलेली. आम्ही पोरं तिला चिडवायचो, की उद्या चोर आला तरी तू त्याला आधी तांब्या-भांडं देशील. ती हसायची, पण पद्धत सोडली नाही.

त्यामागचं कारण मला कॉलेजात असताना कळलं. मी बॅक्टेरियांवरचं काहीतरी पाठ करत बसलो होतो. तिने विचारलं, "कशाचा अभ्यास रे?" म्हटलं, "कॉलरा. म्हणजे पटकी." ती जरा वेळ गप्प बसली आणि मग सांगायला लागली.

साल १९४०च्या आसपासचं. आजी पंधरा-सोळा वर्षांची, घरात नवी सून. आषाढी झाली आणि गावात पटकी आली. थोरल्या जाऊबाईंना पहाटे ढाळ सुरू झाले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, आवाज बसला, हातापायांत गोळे यायला लागले. त्या सारख्या पाणी मागत होत्या. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही, पाण्याने उलटी वाढते. आजी भांडं घेऊन दाराशी उभी राहिली आणि सासूबाईंनी नुसतं बघितल्यावर तशीच परत फिरली. दिवेलागणीला जाऊबाई गेल्या.

"मी पाणी दिलं असतं तर जगल्या असत्या का रे?"

मी पटकन "नाही गं आजी" म्हणून मोकळा झालो. खरं सांगायचं तर मला काहीच माहीत नव्हतं. ते उत्तर तेव्हापासून मला टोचतंय. आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तर आजची ही पोस्ट म्हणजे तिच्या प्रश्नाचं नीट शोधून काढलेलं उत्तर आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सुरुवात कोलकात्यापासून करू. रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ १८८३च्या डिसेंबरात तिथे आला आणि १८८४च्या सुरुवातीला त्याने जाहीर केलं, की कॉलरा स्वल्पविरामासारख्या वाकड्या जिवाणूमुळे होतो. (इटलीतल्या पाचिनीने हा जिवाणू १८५४ सालीच पाहिला होता, पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं.) हा जिवाणू काहीतरी विष सोडत असावा, असा कॉखला संशय होता. पण ते विष काही सापडेना. पुढची पंचाहत्तर वर्षं सापडेना!

का सापडेना, ही यातली खरी गंमत आहे. लोक जिवाणू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या पोटाच्या पोकळीत नाहीतर शिरेत टोचायचे. प्राणी मरायचा, पण रक्तात विष पसरून मरायचा. ढाळ काही व्हायचे नाहीत. म्हणजे मरण दिसत होतं, पण ते कॉलऱ्याचं मरण नव्हतं. शिवाय कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलून निघतं, असा समज पक्का झाला होता. अस्तरच गेलं म्हटल्यावर पोटातून पाणी देऊन उपयोग काय? तेव्हा आमच्या पणजीला दुष्ट समजू नका. मोठमोठे डॉक्टरही त्याच चुकीत होते. एकोणिसाव्या शतकात तर कॉलऱ्याच्या रोग्याला जुलाबाचं औषध देत आणि वर रक्तही काढत.

आता आपल्या गोष्टीचे नायक. डॉ. शंभुनाथ डे. जन्म १९१५, बंगालच्या हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी नावाच्या खेड्यातला. कोलकात्यात वैद्यकीचं शिक्षण घेतलं, १९४७ला लंडनला गेले, १९४९मध्ये पीएचडी घेऊन परत आले आणि कॉलऱ्याच्या मागे लागले. त्यांनी विचार केला तो अगदी साधा. रोग आतड्यात होतो ना? मग जिवाणू आतड्यात ठेवून बघू.

१९५३ साली त्यांनी आणि चटर्जी या सहकाऱ्याने सशावर प्रयोग केला. भूल देऊन आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला, त्या बंद पिशवीत कॉलऱ्याचे जिवाणू सोडले आणि पोट शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती पिशवी तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने टम्म फुगलेली. कॉलऱ्याचे ढाळ असेच तर असतात! १९५६ साली त्यांनी याच रीतीने ई. कोलाय तपासला. हा आपल्या सगळ्यांच्या पोटात सुखाने नांदणारा जिवाणू, पण जुलाबाच्या रोग्यांकडून मिळालेल्या त्याच्या काही जाती सशाचं आतडं तसंच फुगवत होत्या. म्हणजे नाव एकच, कुळ एकच, पण एखादा भाऊ घातकी निघावा तसं.

आणि मग १९५९. या वेळी त्यांनी जिवाणू ज्या रसात वाढवले तो रस गाळून घेतला. गाळलेल्या रसात एकही जिवाणू नव्हता. तो आतड्याच्या पिशवीत सोडला, तरी पिशवी फुगली! कॉखचं हरवलेलं विष सापडलं होतं. ३० मे १९५९च्या 'नेचर'मध्ये हे छापून आलं. लेख जेमतेम दोन पानांचा, आणि लेखक एकटे डे.

याच साली आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या तिघांनी सशाच्या नवजात पिलांवर काम करून, स्वतंत्रपणे, कॉलऱ्याच्या विषाचा पुरावा दिला. इतकी वर्षं बॉम्बेवरून परळच्या पुढून जायचो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे हे विष काय करतं तेही उलगडलं. त्याचे पाच भाग आतड्याच्या पेशीला घट्ट पकडतात आणि सहावा आत शिरून पेशीचा एक खटका चालू स्थितीत अडकवून टाकतो. मग पेशी क्षार बाहेर टाकत सुटते आणि क्षारांमागून पाणी. थोडक्यात, विष घर जाळत नाही, नळ उघडा टाकून जातं. तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. आणि १९९६ साली अमेरिकेतल्या वाल्डोर आणि मेकालेनोस यांनी दाखवलं, की या विषाची जनुकं मुळात जिवाणूची नाहीतच. जिवाणूत शिरणारा एक विषाणू ती घेऊन येतो. नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात राहणारा एरवी निरुपद्रवी जीव, आणि त्याला मारेकरी करणारं हत्यार उसनं. काय म्हणावं याला!

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो.

नळ उघडा आहे, पण घर शाबूत आहे. १९६० साली रोग्यांच्या आतड्याचे बारीक तुकडे तपासून तेही सिद्ध झालं. त्याच सुमारास असंही कळलं, की आतड्यात साखरेचं बोट धरून मीठ आत शिरतं आणि मिठामागोमाग पाणी. कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही. ढाक्यात १९६८ साली रोग्यांवर हे करून पाहिलं गेलं. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं. त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं पाणी करून पिंपांत भरलं. ते पाजत कोण होतं? रोग्यांचे नातेवाईक. आया, बहिणी, जावा. भांड्याभांड्याने. शंभरातली तीसेक माणसं जिथे मरायची, तिथे मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

तर आजी, तुझं उत्तर असं आहे. नुसत्या पाण्याने जाऊबाई बहुधा वाचल्या नसत्या, कारण जितकं जात होतं तितकं नुसतं पाणी आतडं ओढून घेऊ शकत नाही, आणि गेलेलं मीठ पाण्याने भरून येत नाही. शिरेतून मिठाचं पाणी देतात हे १८३२पासून माहीत होतं, पण ते आपल्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. मात्र पाणी द्यावंसं वाटणं ही तुझी चूक नव्हती. त्या घरात तूच उत्तराच्या सगळ्यात जवळ होतीस. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर तेवढी हवी होती, आणि दोन्ही फडताळात होतं. नव्हतं ते ज्ञान, आणि ते तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. अजून तीस वर्षं लागणार होती.

डॉ. डे १९८५ साली गेले. १९७८मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाला त्यांना स्टॉकहोमला सन्मानाने बोलावलं गेलं, नोबेल विजेत्या लेडरबर्गने त्यांचं नाव नोबेलसाठीही सुचवलं होतं. आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना फेलो केलं नाही. पाणी वेळेवर न देण्याची आपली सवय जुनीच म्हणायची.

असो. भावंडांनो, पोरांच्या पोटाचं काही झालं तर लक्षात ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे छोटे. घोट घोट द्यायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्यायचं, आणि ढाळ आटोक्यात नसतील तर दवाखाना गाठायचा.

आणि घरी कुणी आलं की आधी पाणी. तेवढं सोडू नका.