मागच्या गाडीचा ब्रेक

आमचं फरीदाबाद म्हणजे ट्रॅक्टरचं गाव. १९४४ साली लाहोरात सुरू झालेली एस्कॉर्ट्स फाळणीनंतर दिल्लीत आली आणि पुढे तिचे ट्रॅक्टर इथे बनू लागले. मथुरा रोडवर आजही विटा-वाळूने लादलेल्या ट्रॉल्या दिसतात. त्यातल्या अनेकींना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरचं.

त्या पाहिल्या की मला लष्करातला एक डोंगरी उतार आठवतो. मी जीपचा ब्रेक दाबला, पण मागचा ट्रेलर थांबेना. तो आडवा वळला आणि जीपलाही फिरवू लागला. रस्त्याच्या दगडी कठड्याने आम्हाला वाचवलं. ट्रेलरच्या ब्रेकची तार गंजून अडकली होती. निघण्यापूर्वीची तपासणी मी केली नव्हती.

हा धडा आपल्या बोरघाटाने फार आधी शिकवला होता. १८६३ साली तिथे रेल्वे सुरू झाली. चढ ३७ फुटांना १ फूट. त्या काळी डब्यांचे ब्रेक माणसं हाताने आवळत. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर? म्हणून बाजूला चढाचे फाटे काढले. रुळाचा सांधा एरवी फाट्याकडेच लावलेला असे. गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाली, तरच तिला खालची वाट मोकळी होई. म्हणजे चूक होणार हे आधीच धरलेलं.

हेच तत्त्व पुढे ब्रेकमध्ये आलं. अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात नळीत हवा भरली की ब्रेक लागे, त्यामुळे नळी फुटली की ब्रेकही गेला. १८७२ साली त्याने ते उलटं केलं. नळीतला दाब उतरला, की डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. डबा सुटला तर तो आपोआप थांबतो.

आजच्या कारव्हॅन ट्रेलरमध्ये दोन प्रकार दिसतात. एकात पुढची गाडी मंदावली की ट्रेलर मागून रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक आवळले जातात. दुसऱ्यात ड्रममधलं विद्युतचुंबक ब्रेक लावतं. शिवाय एक सुटी तार असते. जोड निसटला की ती ओढली जाते आणि ब्रेक लागतो.

म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. तारा गंजलेल्या नकोत. ब्रेक लायनर झिजलेला किंवा ग्रीसने माखलेला नको. सुटी तार जोडाच्या हुकाला न अडकवता गाडीच्या चॅसीला वेगळी बांधा. विजेचे ब्रेक असतील तर ट्रेलरची बॅटरी चार्ज आहे ना, हेही बघा. मग ट्रेलरचा हँडब्रेक लावून गाडी हळूच पुढे घ्या. ट्रेलरने अडवलं पाहिजे.

पाच मिनिटांचं काम आहे. मी ते एकदा टाळलं होतं, तुम्ही टाळू नका. जय हिंद.