आटे गेले म्हणजे इंजिन गेले नव्हे

सर्व्हिसिंग होऊन गाडी घरी येते आणि दोन दिवसांत पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे डाग दिसू लागतात. पुष्कळदा याचे कारण ऑइल चेंबरच्या ड्रेन बोल्टचे झिजलेले आटे हे असते. दुर्लक्ष झाल्यास ऑइल गळून इंजिन जाम होऊ शकते. उलट ‘अख्खा चेंबर बदला’ असा सल्ला मिळाला, तर विनाकारण मोठा खर्च पदरी पडतो. वास्तविक बहुतेक वेळा तोच भाग दुरुस्त करता येतो.

आजच्या मोटारींत सिलिंडर हेड आणि अनेकदा ऑइल चेंबरही अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तर बोल्ट पोलादाचा. बोल्ट तिरका बसला किंवा लांब पान्याने अति आवळला, की मऊ धातूचे आटे कापले जातात. बोल्ट नुसताच फिरत राहतो.

अशा वेळी टेफ्लॉन टेप गुंडाळणे किंवा एम-सील भरणे ही तात्पुरती मलमपट्टी ठरते. मोठ्या मापाचा बोल्ट बसवण्याचा मार्ग असतो. पण भोवतीचा धातू पातळ असेल तर तडा जाण्याची भीती असते.

खात्रीचा उपाय म्हणजे हेलिकॉइल. ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. खराब छिद्र आधी ड्रिलने मोठे करतात. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी सुमारे ८.३ मिलिमीटरचे ड्रिल लागते. नंतर किटमधील खास टॅपने नवे आटे पाडतात. नेहमीचा टॅप येथे चालत नाही. टॅप थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवून कीस मोकळा करावा लागतो. छिद्र स्वच्छ झाल्यावर गुंडाळी पृष्ठभागाच्या किंचित खाली जाईपर्यंत फिरवून बसवतात आणि तिच्या तळाची आडवी शेपटी तोडून बाहेर काढतात. आतल्या बाजूला मूळ मापाचे पोलादी आटे तयार होतात. बोल्ट जुनाच चालतो आणि हे आटे अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा अनेकदा अधिक टिकाऊ ठरतात.

स्पार्क प्लगच्या बाबतीत मात्र अधिक दक्षता हवी. प्लग काढताना गुंडाळीही त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकते. त्यामुळे तेथे अखंड पोलादी बुश बसवणे श्रेयस्कर. धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडला तर त्याच्या भिंतीवर ओरखडे उठतात. टॅपला ग्रीस लावल्यास बराचसा कीस त्यातच अडकतो. तरीही आतील सफाई आवश्यकच असते. हेड बोल्टचे ब्लॉकमधील आटे गेले असतील, तर ते काम हातड्रिलचे नव्हे. छिद्र तसूभर तिरके झाले तरी हेड नीट बसत नाही. असे काम मशीन शॉपमध्येच करून घ्यावे.

ही वेळ येऊ नये म्हणून काही पथ्ये पाळता येतात. बोल्टचे पहिले काही फेरे हातानेच फिरवावेत. प्लग थंड इंजिनातूनच काढावा. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्यानुसार करावी. १४ मिलिमीटरच्या वॉशरयुक्त प्लगसाठी अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात.

गॅरेजमध्ये भाग बदलण्याचा विषय निघाला, तर ‘येथे हेलिकॉइल किंवा बुश बसेल का?’ एवढे विचारायला ग्राहकाने विसरू नये.