नोटीस देणारा साप

समस्त सर्पकुळात कायद्याची खरी चाड असेल तर ती रॅटलस्नेकला. आपला नाग फणा काढतो, घोणस कुकरसारखी शिट्टी मारते. पण खास इशारा देण्यासाठी शेपटीला खुळखुळा बसवून घेतलेला हाच एक. तो सेकंदाला ५० हून अधिक वेळा हलवून हे महाशय कळवतात, 'सदर इसमाने पुढे पाऊल टाकू नये.' आमच्या बँकेतही थकबाकीदाराला आधी नोटीसच जाते. त्यामुळे या प्राण्याबद्दल मला व्यावसायिक जिव्हाळा आहे. तो फक्त अमेरिकेकडच्या दोन खंडांत सापडतो, म्हणून हा जिव्हाळा टिकूनही आहे!

गंमत अशी, की नोटीस मिळाल्यावर पळायचं सोडून तिच्या मागावर जाणारी माणसं तिकडे पूर्वापार आहेत. आज ती कॅमेरा घेऊन जातात, पूर्वी कागद-पेन्सिल घेऊन जात. बरं, सगळेच छातीचे कोट होते म्हणावं, तर तसंही नाही.

विल्यम बार्ट्रामचंच घ्या. १७६५ साली तो वडिलांबरोबर फ्लोरिडात वनस्पती शोधत हिंडत होता. पाय सापावर पडणार, तेवढ्यात वडिलांनी मागे खेचलं. विल्यमनं साप मारला आणि गव्हर्नरसाहेबांनी तो शिजवून पानात वाढायला लावला! घास काही त्याच्या घशाखाली उतरेना. नंतर डोकं शांत झाल्यावर त्याला वाटलं, हा मला सहज चावू शकत होता, तरी चावला नाही. पुन्हा रॅटलस्नेकच्या हत्येत भाग घ्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं. पुढं १७७४ च्या सुमारास सेमिनोल लोकांच्या वस्तीत तो फुलांची चित्रं काढत बसला असताना वस्तीत रॅटलस्नेक शिरला. ती मंडळी सापाला मारत नसत. त्यांनी या पाहुण्याला साकडं घातलं. 'मला त्यात पाडू नका' म्हणणाऱ्या बार्ट्रामला शेवटी उठावं लागलं, आणि साप मेला. पाहुण्याच्या निश्चयाचं यजमानांपुढे काय चालतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

चित्रकार ऑड्युबननं यावर तोड काढली. १८२१ च्या ऑगस्टमध्ये लुइझियानात त्यानं साडेपाच फुटांहून लांब रॅटलस्नेक समोर ठेवून चित्र काढलं, पण मेलेला. नोटीस बजावण्याचा प्रश्नच मिटला! मात्र उन्हाळ्यानं मॉडेल टिकेना, म्हणून काम सोळा तासांत उरकावं लागलं. पुढं १८२७ मध्ये त्याचं झाडावर चढून पक्ष्यांच्या घरट्यावर हल्ला करणाऱ्या रॅटलस्नेकचं चित्र छापून आलं, आणि जाणकार तुटून पडले. रॅटलस्नेक कधी झाडावर चढतो का? चढतो. पण ते मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. ऑफिसात बसून जंगलाचे नियम करणारे तेव्हाही होते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो सॅन डिएगोचा लॉरेन्स क्लाउबर. हा वीज कंपनीतला इंजिनियर. चाळिशीच्या सुमारास, म्हणजे आपण चष्म्याचा नंबर काढतो त्या वयात, याला सापांचा नाद लागला. रात्री वाळवंटातल्या डांबरी रस्त्यावरून मोटार हाकायची आणि दिव्यांच्या उजेडात साप हेरायचे, ही त्याची पद्धत. हाडाच्या भित्र्यालाही पसंत पडावी अशी! निदान शोधण्यापुरतं तरी गाडीत बसता येतं. नोकरी सांभाळून, अगदी कंपनीचा अध्यक्ष होऊनही, त्यानं ३५ हजारांहून अधिक नमुने संग्रहालयाला दिले आणि १९५६ साली रॅटलस्नेकवर दोन खंडी ग्रंथ लिहिला. खुळखुळ्याच्या कड्या म्हणजे सापाच्या वयाची वर्षं, ही समजूत खोटी, हेही त्यात आहे. प्रत्येक कातीबरोबर एक कडी वाढते आणि टोकाच्या कड्या तुटत जातात. जुनी पानं फाटलेल्या पासबुकावरून शिल्लक सांगण्यातलाच प्रकार.

पण भीतीची दुसरी तऱ्हाही आहे. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावात १९५८ पासून रॅटलस्नेक धरून आणण्याची जत्रा भरू लागली. ढिगानं साप आणायचे, लोकांसमोर मारायचे, सोलायचे. बिचाऱ्यांच्या सगळ्या नोटिसा वाया! जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन गावानं मात्र २०१२ साली आपल्या अशाच जत्रेचा वन्यजीव-उत्सव केला. साप मारायचे नाहीत, नुसते बघायचे. लोक तिथंही दचकतात, पोरं आईला बिलगतात, बाप 'काही करत नाही तो' म्हणत स्वतः दोन पावलं मागे सरकतात. मग सगळे पुन्हा पुढे होऊन बघतात.

सापाचं म्हणणं तरी याहून वेगळं काय आहे? भ्या, खुशाल भ्या. फोटोही काढा. फक्त जरा लांबून.