बर्फाच्या तराजूत उष्णता
#थ्रेड

१/ पॅरिस, १७८२-८३चा हिवाळा. आंत्वान लाव्हाझिये आणि गणितज्ञ प्येर-सिमों लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेने सुमारे १३ औंस बर्फ वितळला. वितळलेले पाणी तोलले, की उष्णतेचे माप हाती येत होते!

२/ उपकरण साधे, पण युक्ती मोठी. आतल्या कप्प्यात प्राणी किंवा जळता कोळसा, त्याभोवती बर्फ आणि त्याबाहेर बर्फाचे आणखी एक आवरण. खोलीतील उष्णता या बाहेरच्या बर्फातच अडकावी, आतल्या हिशेबात मिसळू नये, हा त्यामागचा हेतू.

३/ हिशेबाची ही शिस्त लाव्हाझियेच्या अंगात मुरलेली होती. राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत तो भागीदार होता. अभिक्रियेपूर्वी जितके द्रव्य, तितकेच अभिक्रियेनंतर, हे सूत्र त्याने रसायनशास्त्रात पक्के रुजवले.

४/ आता खरी कसोटी. गिनीपिगने सोडला तेवढाच कार्बन डायऑक्साइड कोळसा जाळून मिळवला, तर किती बर्फ वितळेल? उत्तर आले सुमारे साडेदहा औंस. १३ आणि साडेदहा, ताळा काही जुळला नाही. तरीही श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हा निष्कर्ष त्यांनी मांडला आणि तो टिकला. (शरीरात कार्बनबरोबर हायड्रोजनचेही ज्वलन होते, हे त्या हिशेबात धरलेलेच नव्हते.)

५/ गंमत अशी, की उष्णता म्हणजे नेमके काय, याबाबत लाव्हाझियेची कल्पना चुकीची होती. तो तिला ‘कॅलरिक’ नावाचे वजनरहित द्रव्य मानी. १७८९च्या मूलद्रव्यांच्या यादीत त्याने तिला स्थानही दिले. मोजमापाचे मात्र त्यामुळे काही बिघडले नाही.

६/ १७९२मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमियास रिश्टर याने अभिक्रियेतील प्रमाणांच्या या गणिताला ‘स्टॉइकिओमेट्री’ असे नाव दिले. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझियेचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. करवसुलीतील भागीदारी त्याला भोवली. त्याच दिवशी त्याचा सासराही मारला गेला.

७/ उष्णतेची वही पुढे चालवली ती सेंट पीटर्सबर्गच्या जेर्मेन हेस याने. अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता तेवढीच, असे त्याने १८४०मध्ये दाखवले. आजचे आकडे घ्यायचे, तर १२ ग्रॅम कार्बन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. लाव्हाझियेच्या भांड्यात तेवढ्याने साधारण १.२ किलो बर्फ वितळला असता.