कोठाराची किल्ली आणि भावाचा प्रश्न

वस्तूंचे भाव शासनाने बांधावेत की बाजारावर सोडावेत, हा वाद अर्थशास्त्रात 'ग्राहक' या नावाने चालतो. पण ग्राहकालाही जात असते, आणि जमीन आहे की नाही यावर त्याचे ग्राहकपण ठरते. मंगळवेढ्यात इतिहास शिकवताना मला हा प्रश्न येथल्या ज्वारीच्या कोठारांतूनच तपासावासा वाटतो.

बहामनी काळात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली आणि त्याचा पैसा फेडायला विठ्ठल 'विठू महार' होऊन बेदरला गेला, असे परंपरा सांगते. कीर्तनकारांनी ही कथा भक्तीची केली. मला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. दामाजीपंतांनी भाव उतरवण्याचा हुकूम काढला नाही, साठा बाहेर काढला. आणि श्रेय पंतांना मिळाले तरी थैली वाहण्याचे काम, देवाच्या रूपात का होईना, महाराकडेच राहिले. याच गावाचे कूस बांधताना ते कोसळून चोखामेळा गेले. परंपरेने ते साल १३३८ मानले जाते. धान्याच्या गावात वेठीच्या श्रमाला भाव नव्हता.

१८७६-७८ च्या दुष्काळात लॉर्ड लिटनच्या सरकारने धान्यव्यापारात हात न घालण्याचे तत्त्व पाळले. त्याच सरकारच्या सर रिचर्ड टेंपलने मात्र दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली. धान्याचा भाव मोकळा, मजुराचा भाव बांधलेला! तेव्हा नियंत्रण असावे की नसावे हा प्रश्नच फसवा आहे. ते कोणावर असावे, हा खरा प्रश्न.

बाबासाहेबांनी १९२८ पासून मुंबई विधिमंडळात ज्या महारवतनाविरुद्ध झुंज दिली, ते १९५८ च्या कायद्याने संपले. बलुत्याच्या लाचारीतून आपला माणूस सुटला, पण पैसे मोजून धान्य घेणारा झाला. रुपयाविषयीच्या १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवले होते की किमती चढतात तेव्हा मजुरी मागे राहते आणि नफ्याची किंमत मजूर मोजतो. १९७२ च्या दुष्काळात ते पुन्हा दिसले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले. आमच्याकडे लाटण्याखाली पीठच नव्हते. माझ्या आजीच्या पिढीने खडी फोडून रेशनची मिलो खाल्ली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांना जगवले ते मजुरी आणि धान्य या दोहोंनी; नुसत्या भावाच्या हुकमाने नव्हे.

भाव बांधला की माल काळ्या बाजारात जातो, हा विरोधकांचा आक्षेप खोटा नाही. शहराने स्वस्त खावे म्हणून आमचा भाव पाडतात, ही कोरडवाहू शेतकऱ्याची तक्रारही खरी आहे. त्या शेतकऱ्यांत आपलेही लोक आहेत. २०२४-२५ साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,४२१ रुपये होती. पण खरेदी केंद्र नसेल तर ती किंमत कागदच, आणि साठा नसेल तर ग्राहकाचा बांधलेला भावही कागदच.

कंपन्यांच्या मालाचे काय? तेलाच्या पिशवीवरची 'कमाल किरकोळ किंमत' सरकार ठरवते, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. बहुतेक मालावर ती कंपनीच ठरवते. त्यापेक्षा जास्त घेऊ नये, एवढेच कायदा सांगतो. शासनाने मनावर घेतले तेव्हा, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हृदयाच्या औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली गेली; त्याआधी तो अनेकदा लाखापुढे विकला जाई. उलट २०२० च्या दुरुस्तीने धान्याचा किरकोळ भाव ५० टक्के चढल्याखेरीज साठ्यावर मर्यादा घालता येणार नव्हती. ती २०२१ मध्ये रद्द झाली. तोवर रोजंदारीच्या घराने काय खायचे, हे तिच्या कर्त्यांनी सांगितले नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या वस्तूंवाचून माणूस थांबू शकत नाही, त्यांचा भाव शासनाने बांधावा. सोबत साठा ठेवावा, उत्पादकाचा माल घ्यावा आणि मजुरी भावाबरोबर चढवावी. पण शासन म्हणजे तरी कोण? गावात ते रेशन दुकानाच्या रूपाने दिसते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दक्षता समित्यांवर अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांना प्रतिनिधित्व आहे. आपल्या गावची समिती कागदावर आहे की बैठका घेते, हे कार्यकर्त्यांनी आधी विचारावे. दामाजीपंतांच्या दयेवर जगण्याचे दिवस संपले असतील, तर कोठाराच्या हिशोबाची वही आपल्यालाही वाचता आली पाहिजे.